यंदाचा नवरदेव

रंगाच्या कारखान्यात माणसाचं सगळ्यात आधी काय दमत असेल, तर डोळे. बाहेरच्याला हे पटत नाही. त्याला वाटतं डबे उचलून खांदे भरून येत असतील, वासानं डोकं धरत असेल. तेही होतंच. पण शेड रूममधल्या माणसाला दिवसभर एका पांढऱ्याकडे बघायचं असतं आणि शेजारच्या पांढऱ्याशी तो जुळतो की नाही ते सांगायचं असतं. असा माणूस संध्याकाळी घरी जातो, बायको हौसेनं नवा पडदा दाखवते, आणि हा म्हणतो, छान आहे, कुठल्या रंगाचा आहे? मग घरात जे व्हायचं ते होतं.

या शेड रूमच्या प्रमुख म्हणजे ताई. त्यांना नाव होतं, पगाराच्या कागदावर ते छापूनही यायचं, पण गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या साहेबापर्यंत सगळा कारखाना त्यांना ताईच म्हणायचा. वयानं दुप्पट असलेले ट्रकवालेसुद्धा. त्या इथे लागल्या तेव्हा काम काय होतं, तर पत्रे धुणं. पत्रे म्हणजे तळहाताएवढे तुकडे. त्यांच्यावर रंग ओढायचा, छोट्या भट्टीत वाळवायचा, उत्तरेकडच्या खिडकीशी नेऊन मूळ नमुन्याशेजारी धरायचा आणि बघायचा. जुळला नाही की डब्यात दुसऱ्या रंगाचा एखादा थेंब टाकायचा, पुन्हा ओढायचा. कामाचा पत्रा फेकायचा नाही, घासून परत वापरायचा, आणि हे घासणं नव्या माणसाच्या नशिबी. ताईंनी पत्रे घासले, मग ब्रश हातात आला, मग थेंब टाकायची बाटली आली. हे सगळं त्यांना शिकवलं काकांनी. काका म्हणजे शेड रूममधले सगळ्यात जुने कारागीर, बोलायला तिखट आणि मनानं लोणी.

प्रमुख होण्याची ताईंना हौस नव्हती. आधीचा प्रमुख सोडून गेला, दुसऱ्या कुणाला ती कटकट नको होती, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात असली पदं पडतात, हे काही आजचं नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले, मी शिव्या देईन आणि लोक पळून जातील, तिला करा. झालं. ताई खुर्चीवर बसल्या, म्हणजे बसल्या असं म्हणायचं. बाईंचे पाय दिवसभर जमिनीवरच असायचे, आणि अलीकडे तर ते गुडघ्यापासून बोलायला लागले होते.

पुढे कारखाना विकला गेला. घेणारे दूरच्या देशातले, त्यांचे असे देशोदेशी रंगाचे, गोंदाचे, काय काय कारखाने. मशीन तीच राहिली, कँटीनचा चहा तसाच पाणचट राहिला, पण भिंती बदलल्या. जिथे परवापर्यंत ‘विडी ओढू नये’ लिहिलेलं होतं तिथे ‘आपल्यातला प्रत्येक जण नेता आहे’ अशी पाटी लागली. काकांनी ती चष्मा काढून वाचली, चष्मा लावून वाचली, आणि विचारलं, सगळेच नेते, तर मग डबे कोण उचलणार? डबे उचलणारा नेमका तेव्हा रजेवर होता.

पाटीचं काही नाही, पाटी कुणाला चावत नाही. चावला तो वर्षाअखेरचा नियम. प्रत्येक प्रमुखानं आपल्या माणसांना दर्जा द्यायचा, आणि निदान एकाला तरी सगळ्यात खालच्या खान्यात टाकायचंच टाकायचं. ताईंनी आधी भाबडेपणानं सगळ्यांना चांगलं लिहून बघितलं. कॉम्प्युटर पुढे सरकेना. खालचा खाना लाल होऊन नुसता लुकलुकत राहिला. ताईंनी ऑफिसात फोन केला, तर तिथला म्हणाला, ताई, माझाही लुकलुकतोय.

आता सांगा, या बाईनं काय करावं? सगळ्यांनी मिळून एकमेकांची कामं सांभाळलेली. एकाचा हात पिवळ्यावर बसलेला, दुसऱ्याचा तपकिरीवर. त्यातला खालचा कोण ठरवायचा, आणि ठरवून उद्या त्याच्याबरोबर चहा कसा प्यायचा? शेवटी ताईंनी सगळ्यांना चहाच्या खोलीत बसवलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, एवढंच ना? माझं टाक. मला आता कुठे बढती मिळायची आहे?

अशी ती रीत सुरू झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं हात वर केला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यानं, आणि मग पाळीच लागली. खालच्या खान्यात जाणाऱ्याची त्या वर्षीची पगारवाढ बुडायची आणि कॉम्प्युटरवर ‘सुधारणा’ नावाचे रटाळ व्हिडिओ बघायला लागायचे. त्याच्या बदल्यात बाकीच्यांनी त्याचे लाड करायचे. खिडकीजवळची खुर्ची त्याची, रजेला पहिला नंबर त्याचा, चहा त्याला हातात आणून द्यायचा. व्हिडिओच्या शेवटी प्रश्न यायचे, त्यांची उत्तरं सगळे मिळून ओरडून सांगायचे. इतका थाट म्हणून त्याचं नावच पडलं ‘नवरदेव’. यंदा बोहल्यावर कोण, असं विचारलं की कळायचं, वर्षअखेर आली. बाई असली तरी नवरदेवच म्हणायचे. एकीनं तर नवरदेव झाल्याच्या दिवशी ऐटीत काळा गॉगल लावून पत्रे तपासले होते, आणि सगळे चुकवले होते.

ताईंनी एक मात्र कधी चुकवलं नाही. पाळी ठरलेली असली तरी नाव कॉम्प्युटरवर चढवण्याआधी त्या माणसासमोर जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, चालेल ना? तो हो म्हणायचा, मग नाव जायचं. लोक हसायचे. ठरलेलंच तर आहे ताई, त्यात काय विचारायचं, म्हणायचे. ताई म्हणायच्या, मला विचारू दे रे, मला बरं वाटतं. जगभरच्या नेतृत्वाच्या पाट्यांत हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शेड रूम चालत होती ती यावर.

यंदा पाळी लंबूची होती. लंबू म्हणजे दारातून वाकून येणारा, तपकिरीतला वस्ताद. पण नेमकं याच वर्षी लंबूचं खरोखरचं लग्न ठरत होतं, आणि मुलीचा भाऊ निघाला आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसात, लोकांचे दर्जे जिथे दिसतात त्याच टेबलावर. खरा नवरदेव व्हायचं तर खोटा नवरदेव होता येत नाही, अशी गत. लंबू रडकुंडीला आला. तेव्हा घारी म्हणाली, माझं नाव टाका, पुढच्या वर्षी माझ्या जागी हा. घारी म्हणजे घाऱ्या डोळ्यांची, आणि ते डोळे तरी काय. चार पांढरे शेजारी ठेवा, त्यातला कुठला सकाळी कालवलेल्या घाण्यातला आणि कुठला दुपारच्या ते ती बोट ठेवून सांगायची. घरी बहिरे वडील आणि ती, इतकाच संसार. ताईंनी तिच्यासमोर बसून रीतीप्रमाणे विचारलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, खुर्ची मात्र आजपासून माझी.

त्यानंतर दोनेक महिन्यांत एक मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे स्क्रीनवरच्या चौकोनांत माणसं. ताईंचा वरचा साहेबही अशाच एका चौकोनात राहायचा, म्हणून शेड रूममध्ये त्याला ‘चौकोनातला’ म्हणायचे. वयानं ताईंच्या मुलीपेक्षा थोडा मोठा, बोलायला अतिशय सभ्य. त्यानं सांगितलं की बाजार बदलतोय, रंग जुळवणारी यंत्रं आली आहेत, आणि प्रत्येक देशातल्या प्रत्येक शेड रूममधून एक माणूस कमी होणार आहे. कुणावर अन्याय नको, पक्षपात नको, म्हणून यंदाच्या दर्ज्यावरून ठरेल. पुढच्या पानावर नावं होती. घारीचं होतं.

अशा मीटिंगमध्ये बोलायचं असलं की एक बटण दाबावं लागतं, आणि ताईंचा हात त्या बटणाकडे गेला नाही. घरी आल्या तेव्हा त्या पलंगाच्या कडेला एका पायात चप्पल तशीच ठेवून बसल्या. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक, पाठीनं अधू, पण स्वयंपाक सगळा त्यांच्या हातचा. त्यांनी ताट वाढून ठेवलं, हाका मारल्या, शेवटी शेजारी येऊन बसले. ताईंनी सगळं सांगितलं. इतकी वर्षं आपण आपल्या माणसांना वाचवतोय अशा समजुतीत होतो, आणि आपणच त्यातल्या एकीची मान सुरीखाली नेऊन ठेवली, असं त्या म्हणाल्या. यजमानांनी सल्ला दिला, खरं सांगून टाक. माणूसच आहे ना तो? चौकोनात बसला तरी माणूसच. मास्तरांचे सल्ले असेच असतात, फळ्यावर अगदी बरोबर दिसतात.

पण दुसरा मार्गही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी त्याच्याशी एकट्यानं बोलायची वेळ मागून घेतली. शेड रूमला लागून काचेच्या भिंतीची एक बारकी खोली होती, तिथे त्या बसल्या. तो दूरच्या देशात, त्याच्याकडे तेव्हा भली पहाट होती. केस विस्कटलेले, मागे खुर्चीवर कुठल्या तरी लहान मुलाचं दप्तर. ताईंनी एका दमात सगळं सांगितलं: पाळी, नवरदेव, लंबूचं लग्न, घारी. त्याच्या भाषेत नवरदेव सांगताना त्यांची त्रेधा उडाली, पण सांगितलं. हा दर्जा खोटा आहे, ती माझी सगळ्यात चांगली कारागीर आहे, असं स्पष्ट सांगितलं.

तो भडकला असता तर बरं झालं असतं. भडकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. त्यानं नुसते डोळे चोळले. मला हे तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत, म्हणाला. मी हे कुठे लिहीत नाही, म्हणाला. मलाही वर उत्तर द्यायचं असतं. मग त्यानं विचारलं, “ठीक आहे. पाळी सोडून द्या. खरोखर शेवटचं कोण आहे?”

ताई म्हणाल्या, मला काढा. तो म्हणाला, प्रमुखांचा हिशेब वेगळा आहे, तो पुढच्या वर्षी. आत्ता त्या खोलीतलं एक नाव हवंय, यादी आजच बंद होतेय, फोन ठेवायच्या आत सांगा.

शेवटचं कोण हे ताईंना ठाऊक होतं. सगळ्या खोलीला ठाऊक होतं. काकांचा निळा गेला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून निळा आणि हिरवट निळा त्यांना एकच दिसायचा. ते पत्रा घेऊन खिडकीशी उभे राहायचे, येणारा-जाणारा सहज म्हणून थांबायचा, ‘एक थेंब कमी’ असं हवेत बोलून पुढे जायचा, आणि काका आपल्याला आधीच कळल्यासारखे मान हलवायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आत्ताही काचेपलीकडे ते पत्रा धरून उभे होते, आणि त्यांच्यामागच्या खुर्चीवर घारी पांढरे लावून बसली होती.

उठावं, दार उघडावं आणि विचारावं, इतकं ते सोपं होतं. ताई उठल्या नाहीत. विचारलं तर काका हात वर करणार, आणि तो वर झालेला हात त्यांना या वयात बघवला नसता. घारी नाही म्हणाली तर मग काय, हेही त्यांना सुचेना. त्या इतक्या दमल्या होत्या की आता कुणी काही विचारू नये, आणि आपणही कुणाला काही विचारू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. मग त्यांनी मनातल्या मनात तो हिशेब केला जो असल्या खुर्चीवरची सगळी माणसं करतात. घारीचे डोळे तरुण आहेत, कुठलाही कारखाना तिला उद्या घेईल. काकांना दारात कोण उभं करणार? हिशेब चुकीचा नव्हता. चुकीचा असता तर त्यांनी तो केलाच नसता.

“यादीत आहे तेच नाव राहू द्या,” ताई म्हणाल्या.

त्यानं आभार मानले. असे कठीण निर्णय घेणं म्हणजेच खरं नेतृत्व, असं काहीसं तो बोलला. ते त्यानं मनापासून म्हटलं होतं, आणि ताईंना ते कळत होतं. चौकोन काळा झाला तरी त्या तिथेच बसून होत्या. बाहेरून लंबूनं हातानंच विचारलं, चहा? त्यांनी नको म्हणून मान हलवली.

ऑफिसातला माणूस कामावरून कमी केल्याचं पत्र घेऊन संध्याकाळपर्यंत येणार होता. त्याच्या आधी आपण सांगावं म्हणून ताईंनी घारीला पत्र्यांच्या कोठीत नेलं. कोठी म्हणजे दोन रॅकांमधली बोळ, दोन माणसं उभी राहिली की भरली. तिथे ताईंनी तिला सांगितलं की एक माणूस कमी होतोय, यंदाच्या दर्ज्यावरून ठरलंय, आणि तिचं नाव आलंय.

घारीनं रॅकवरचा एक पत्रा काढला, बघितला, परत ठेवला. मग तिनं चक्क ताईंनाच धीर द्यायला सुरुवात केली. तुमचा काय दोष, म्हणाली. नशीब म्हणायचं, पाळी लंबूची आणि बोहल्यावर मी. त्याला काही बोलू नका हं, लग्न तोंडावर आलंय त्याचं, जन्मभर मनात ठेवेल. बाबांना सांगायचं तेवढं अवघड, मोठ्यानं सांगावं लागतं, सगळी आळी ऐकते. असं म्हणून ती थोडी हसलीसुद्धा.

इथे गप्प बसता आलं असतं. कंपनीवर, कॉम्प्युटरवर, दूरच्या देशावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि घारी उद्या निरोपाला गळ्यात पडून रडलीही असती. दमलेल्या माणसाला तो मोह किती मोठा असतो, ते दमल्याशिवाय कळायचं नाही. ताईंच्या तोंडावर तो आलाही होता. पण तिनंच आपल्याला धीर द्यावा, हे काही त्यांच्यानं सोसवलं नाही.

“कॉम्प्युटरनं नाही घेतलं तुझं नाव,” त्या म्हणाल्या. “मी त्याला सगळं खरं सांगितलं. पाळीचंही सांगितलं. मग त्यानं मला नव्यानं विचारलं, कुणाला काढू. तेव्हा मी तुझं नाव ठेवलं.”

घारी त्यांच्याकडे बघत राहिली. एखाद्या पत्र्याकडे बघावं तशी, जुळतं का नाही जुळत.

“काकांसाठी?”

“हो. तुला कुठेही काम मिळेल. त्यांना नाही मिळणार.”

“खरंय ते,” घारी म्हणाली. तिनं कपाळावरचे केस मागे सारले, आणि हाताचा पांढरा रंग तिथे लागला. “पण मी काचेपलीकडेच बसले होते, ताई. तुम्ही येऊन विचारलं का नाही?”

भीती वाटली, असं ताईंनी सांगितलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

“विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं,” घारी म्हणाली. “काकांसाठी एका शब्दात हो म्हटलं असतं. आता नाही म्हणावंसं वाटतंय, तर ते कुणाला सांगू?”

“मला सांग,” ताई म्हणाल्या. आणि इतकी वर्षं विचारायच्या तसंच त्यांनी तिच्यासमोर नीट उभं राहून विचारलं, “चालेल ना?”

“नाही,” घारी म्हणाली. “नाही चालणार.”

ताईंनी ते ऐकून घेतलं. यादी केव्हाच बंद झाली होती.